काचेच्या पलीकडून पाल

जून लागला की औरंगपुऱ्यात चालायला वाट उरत नाही. पुस्तकांच्या दुकानांपुढे आईबापांची झुंबड, हातात शाळेने दिलेल्या याद्या, पलीकडे मंडईतून येणारा ओल्या कोथिंबिरीचा वास, महात्मा फुल्यांच्या पुतळ्याच्या चौकात रिक्षांचा गोंगाट. आमचं घर या गर्दीच्या पाठीमागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. पहिला पाऊस पडून गेला की संध्याकाळी दिव्याभोवती वाळवीच्या पंखवाल्या किड्यांचे थवे जमतात आणि ट्यूबलाइटच्या पट्टीमागून पाली एकेक करून बाहेर यायला लागतात.

यंदा त्या दिवसांत भाचा राहायला आला होता. सातवीतला पोरगा. सिद्धार्थ उद्यानातल्या सर्पालयात काचेला नाक लावून तो अर्धा तास उभा होता, आणि घरी आल्यापासून त्याने एकच धोशा लावला होता. मोबाइलवरचा हिरवागार इग्वाना मला दाखवत म्हणाला, "मामा, आपण हा पाळू या ना. केवढा भारी आहे!"

भारी आहेच. पाठीवर काट्यांची रांग, गळ्याखाली लोंबणारी पोळी, दगडात कोरल्यासारखा चेहरा. सरपटणाऱ्या प्राण्यांकडे पाहताना माणसाच्या मनात भीती आणि ओढ दोन्ही एकदम का उठतात, याचं उत्तर मला त्या चेहऱ्यातच सापडतं. कुत्र्याच्या डोळ्यांत आपल्याला आपलं काहीतरी दिसतं. इग्वानाच्या डोळ्यांत आपलं काहीच दिसत नाही, आणि तरीही तो जिवंत, सावध, आपल्याकडेच बघत असतो. पण मी काही बोलायच्या आत खिडकीच्या काचेवर, बाहेरच्या बाजूने, एक पाल येऊन थांबली. आतल्या दिव्यावर झेपावलेले किडे काचेवर आपटत होते आणि तिला ताट वाढून ठेवल्यासारखं झालं होतं.

"आधी हिला बघ," मी म्हटलं आणि कपाटातलं भिंग काढलं.

भिंतीवरची पाल आपल्याला कायम पाठीकडून दिसते. काचेमुळे ती पोटाकडून दिसते, आणि मग सगळं चित्रच पालटतं. पिवळसर, जवळजवळ पारदर्शक पोट. श्वासागणिक हलणाऱ्या बरगड्या. पसरलेली चार पावलं, प्रत्येकाला पाच बोटं, आणि प्रत्येक बोटाच्या तळाला आडव्या घड्यांच्या दोन रांगा, लुगड्याच्या निऱ्या घालाव्यात तशा. बोटाचा हा फुगीर भाग निम्म्यातच संपतो आणि पुढे बारीक नखाचं टोक मोकळं वर उचललेलं असतं. घरातल्या पालींच्या कुळाचं नाव हेमिडॅक्टिलस. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'अर्धं बोट'. ते नाव असं का पडलं, ते त्या भिंगातून भाच्याला न सांगता कळलं.

पाल पुढे सरकली. तो ओरडला, "मामा, ती बोटं उलटी वळवते!" अगदी बरोबर. आपण पाऊल उचलताना आधी टाच उचलतो आणि बोटं शेवटी. पाल उलट करते. बोटाचं टोक आधी वर वळतं आणि बाकीचं बोट पाठोपाठ काचेपासून सुटत जातं, वहीवर चिकटवलेलं स्टिकर आपण एका कोपऱ्यापासून सोलतो तसं. हे ती सेकंदात कितीतरी वेळा करते, आणि खाली पडत नाही.

पालीच्या या चढण्याचं कोडं फार जुनं आहे. झाडाच्या खोडावरून ती खाली डोकं करूनही पळते, हे ॲरिस्टॉटलनेसुद्धा टिपून ठेवलं होतं. पुढच्या लोकांनी नाना तर्क केले. पायाला डिंक असेल, शोषून घेणाऱ्या वाट्या असतील, नखं रोवत असेल. पण पालीच्या पावलाला चिकट द्रव पाझरवणाऱ्या ग्रंथीच नाहीत, आणि निर्वात पोकळीतही तिचं पाऊल चिकटतं, म्हणजे वाट्यांचाही प्रश्न मिटला. खरं उत्तर हाती लागायला २००० साल उजाडावं लागलं. अमेरिकेतल्या केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोके नावाच्या मोठ्या पालीच्या पावलावरचा एकच रोम सुटा केला आणि त्याची पकड मोजली.

एकच रोम म्हणजे काय, ते समजायला जरा थांबलं पाहिजे. त्या आडव्या निऱ्यांवर रोमांचं दाट रान असतं. आपली नखं ज्या द्रव्याची, त्याच केराटिनचे हे रोम. लांबी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी, जाडी माणसाच्या केसाहून कितीतरी कमी. टोके पालीच्या एका पावलावर असे सुमारे ५ लाख रोम. आणि प्रत्येक रोम टोकाशी फुटून त्याच्या शेकडो शाखा होतात, प्रत्येक शाखेच्या शेवटी इवलासा चपटा उलथना. त्या उलथन्याची रुंदी मिलिमीटरच्या पाचहजाराव्या भागाएवढी.

आता भिंतीचं बघा. आपला तळवा भिंतीवर ठेवला तर आपल्याला वाटतं, पूर्ण टेकला. प्रत्यक्षात तो भिंतीच्या थोड्याशा उंचवट्यांवरच टेकलेला असतो, बाकी सगळी पोकळी. कोणत्याही दोन वस्तू अतिशय जवळ आल्या की त्यांच्या रेणूंमध्ये एक क्षीण ओढ निर्माण होते. डच शास्त्रज्ञ व्हॅन डर वाल्स यांच्या नावाने ती ओळखली जाते. ही ओढ तुमच्या-माझ्या हातातही आहे, पण आपला हात तेवढा जवळ जातच नाही. पालीचे उलथने जातात. काचेच्या, चुन्याच्या, लाकडाच्या सूक्ष्म खाचखळग्यांत ते जाऊन बसतात आणि ती क्षीण ओढ कोट्यवधी ठिकाणी एकदम काम करू लागते. एक रोम एका मुंगीचं वजन पेलतो. एका पावलाचे सगळे रोम एकाच वेळी धरले तर हिशेबाने दहा किलो वजन तोलून धरतील. दहा किलोची गव्हाची पिशवी, एका पावलावर! आणि सुटायचं असेल तेव्हा रोमाचा भिंतीशी असलेला कोन बदलला की झालं, ओढ संपते. म्हणूनच ती बोटांची उलटी घडी. चिकटणं आणि सुटणं, दोन्ही कोनात आहे. डिंक असता तर पाल पहिल्याच पावलाला अडकली असती.

स्वयंपाकघरातल्या नॉनस्टिक तव्यावर जो टेफ्लॉनचा थर असतो, त्यावर मात्र, तो कोरडा असेल तर, पाल जवळजवळ चिकटू शकत नाही. तो थर रेणूंची ही ओढ फारच कमी लागू देतो. आणि धूळ? आपल्या सेलोटेपला धूळ लागली की ती निकामी होते. पालीच्या पावलाला लागलेली धूळ मात्र चार पावलं चालता चालता झडून जाते, कारण धुळीच्या कणाला एवढ्याशा रोमांपेक्षा भिंतीची ओढ जास्त असते. पाणी नाही, साबण नाही, चालता चालता पाय धुतले जातात. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

मग पाल अंगावर पडते कशी? आमच्या आजीकडे पंचांग असायचं आणि त्यात पल्लीपतनाचं पान. उजव्या खांद्यावर पडली तर काय, डोक्यावर पडली तर काय, असं सगळं लिहिलेलं. मला त्या पानाबद्दल आज एवढंच वाटतं की आपल्या पूर्वजांनी या प्राण्याची दखल तरी केवढी घेतली होती. पडण्याचं कारण मात्र बहुधा भिंतीत असतं. जुन्या घराच्या चुन्याच्या भिंतीची पूड सुटते. पाल पुडीला घट्ट धरते, पण पुडीनेच भिंत सोडलेली असते. शिवाय दिव्याजवळच्या हक्काच्या जागेसाठी दोन पाली झुंजतात, त्यात एखादी निसटते. पडतानाही ती हतबल नसते. पाठीवर पडू लागलेली पाल हवेतच शेपटी गर्रकन फिरवते आणि सेकंदाच्या दहाव्या भागात पोटावर येते. २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी हे वेगवान कॅमेऱ्यात टिपलं. शेपटी नसलेल्या पालीला ते साधत नाही.

शेपटी नसलेली पाल आमच्या घरात नवी नव्हती. आजीच्या केरसुणीचा तो प्रताप. पाल पळून जायची आणि फरशीवर शेपटी उसळ्या मारत राहायची, आम्ही पोरं गोल करून बघायचो. ती शेपटी अपघाताने तुटलेली नसते, पालीने ती सोडलेली असते. शेपटीच्या मणक्यांमध्येच तुटायच्या रेषा आखलेल्या असतात, नोटपॅडच्या पानावर भोकांची ओळ असते तशा. स्नायू आकसतात, तिथून शेपटी सुटते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि रक्त जवळजवळ येतच नाही. सुटलेली शेपटी नुसती वळवळत नाही. बिबट्या पालीच्या तुटलेल्या शेपटीचा अभ्यास २००९ मध्ये झाला, तेव्हा ती मध्येच वेगळ्याच दिशेला उडी घेते, दोन-तीन सेंटिमीटर उसळते असं दिसलं. मेंदू नाही, तरी मांजराला नादी लावण्याचं काम चोख. नवी शेपटी उगवते खरी, पण आत मणके नसतात, कूर्चेची सलग नळी असते. पहिल्या शेपटीत साठवलेली चरबीही गेलेली असते. म्हणजे पालीने जीव वाचवताना आपलं धान्याचं पोतं फेकून दिलेलं असतं.

चरबीवरून आठवलं. सरपटणारे प्राणी शरीर आतून तापवत बसत नाहीत, ऊब बाहेरून घेतात. त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या उंदराला लागेल त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाच्या अन्नात पालीचं भागतं. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे रात्री गारठा पडला की पाली फोटोंच्या चौकटींमागे गडप होतात आणि थंडी सरली की पुन्हा दिव्याखाली हजर. आणि भिंतीच्या कडेला रोज सकाळी झाडावी लागणारी ती काळी काडी, टोकाला पांढरा ठिपका असलेली, ती नीट पाहिली आहे का? काळा भाग विष्ठेचा, पांढरा ठिपका म्हणजे मूत्र. आपण शरीरातला नको असलेला नायट्रोजन युरियाच्या रूपात टाकतो आणि तो वाहून न्यायला भरपूर पाणी खर्च करतो. पाल तो युरिक आम्लाच्या रूपात टाकते, जवळजवळ कोरडा. नळाला कितीतरी दिवसांनी पाणी येणाऱ्या आमच्या शहरात या पांढऱ्या ठिपक्याचं मोल कुणाला समजावून सांगावं लागू नये.

हे सांगताना एक भीती काढून टाकली पाहिजे. पालीला विष नसतं. दूध किंवा आमटी पालीमुळे बाधली असेल तर ती तिच्या अंगावरच्या आणि विष्ठेतल्या जंतूंमुळे, साल्मोनेलासारख्या. अन्न झाकून ठेवायचं, एवढंच.

काचेवरची पाल एव्हाना एका किड्यावर झडप घालून परत जागेवर आली होती. तोंडाच्या कडेला पंख लटकत होता. तिने जीभ काढली आणि स्वतःचाच डोळा चाटला. भाचा खिदळला. पालीला पापण्यांची उघडझाप करता येत नाही. डोळ्यावर पारदर्शक झापड कायमची बसलेली असते आणि ती पुसायला जिभेशिवाय दुसरं फडकं नाही. पण तो डोळा! पालींच्या पूर्वजांनी कधीकाळी उन्हात राहणं पत्करलं आणि अंधुक उजेडात पाहणाऱ्या दंडपेशी गमावल्या. पुढे त्या रात्री फिरू लागल्या तेव्हा रंग ओळखणाऱ्या शंकूपेशींनाच त्यांनी रात्रीच्या कामाला लावलं. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात २००४ मध्ये एका जातीच्या पालीवर प्रयोग झाला. जिथे आपल्याला सगळं करडं दिसतं अशा मंद चंद्रप्रकाशात ती पाल निळा आणि करडा रंग वेगळे ओळखत होती. अमावास्येला आमची गल्ली पालीला कशा रंगांत दिसत असेल, हा विचार तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही.

तेवढ्यात काचेबाहेरून आवाज आला. चुक् चुक् चुक्. आई आतून सवयीने टिचकी वाजवत म्हणाली, "कृष्ण, कृष्ण." मनात संशय आला की आपल्याकडे शंकेची पाल चुकचुकते. भाषेने या आवाजातून क्रियापदच बनवलं. मलायी लोकांनी टोके पालीच्या हाकेवरून तिचं नाव ठेवलं आणि तेच पुढे इंग्रजीत 'गेको' झालं. पालीने बोलावं आणि माणसाने शब्द करावा, असं दोन समुद्रांच्या काठी घडलं. बहुतेक सरडे मुके असतात, पाली बोलतात. ही चुकचुक म्हणजे 'ही जागा माझी' अशी द्वाही किंवा जोडीदाराला साद.

महाराष्ट्रातल्या घरांत दिसणाऱ्या पालींपैकी दोन नेहमीच्या. एक गुबगुबीत, गुळगुळीत शेपटीची, पिवळसर पोटाची. दुसरी सडपातळ, शेपटीवर बारीक काट्यांच्या ओळी असलेली, मोठ्याने चुकचुकणारी. पहिलीचं शास्त्रीय वर्णन १८३५ मध्ये र्‍युपेल या जर्मन निसर्ग-अभ्यासकाने केलं, तेही तांबड्या समुद्राकाठच्या मसावाहून. आपली घरची पाल बंदरांच्या वाटेने कुठवर पोहोचली होती पाहा. दुसरीने तर कमाल केली. दक्षिण आणि आग्नेय आशियातली ही पाल जहाजांतल्या सामानात बसून प्रशांत महासागरातल्या बेटांवर, हवाईत, मेक्सिकोत, ऑस्ट्रेलियात गेली. मादी एका मिलनातलं वीर्य महिनोन्महिने जपून ठेवू शकते, त्यामुळे एकटी मादी उतरली तरी वस्ती उभी राहते. पॅसिफिक बेटांवर विजेचे दिवे लागले, दिव्यांपाशी किडे गोळा झाले आणि तिथल्या मूळच्या पालींना हिने मागे रेटलं. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनला माझी मावसबहीण असते. व्हिडिओ कॉलवर बोलताना एकदा तिच्या मागून चुक् चुक् ऐकू आलं आणि मी इकडे टिचकी वाजवली. तिथल्या निसर्गप्रेमींना ही परकी पाल डोकेदुखी वाटते. आपल्या भिंतीवर जी कुणाच्या खिजगणतीत नाही, ती तिथे विदेशी प्राणी!

भाच्याच्या इग्वानाचा प्रश्न अजून बाकी होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खडकेश्वराच्या देवळाकडे चालत गेलो. कुंपणावर सरडा होता, पावसाळ्यातला नर, डोकं-गळा तांबडा लाल, मान वरखाली करत बसलेला. मी भाच्याला मोबाइलचा कॅमेरा मोठा करून सरड्याच्या माथ्यावर रोखायला लावला. दोन डोळ्यांच्या मागे, डोक्याच्या मधोमध, खवल्यात एक फिका ठिपका. तो त्याचा तिसरा डोळा. इग्वानालाही तो असतो. त्याला भिंग आहे, प्रकाश टिपणाऱ्या पेशी आहेत. चित्र दिसत नाही, पण उजेड कळतो. किती वेळ उन्हात बसायचं, दिवस मोठा झाला की लहान, याचा अंदाज सरड्याला त्यातून येतो. महादेवाच्या देवळासमोर तीन डोळ्यांचा प्राणी पाहून पोराचा चेहरा जसा झाला, तो मला इग्वानाने मिळवून दिला नसता. २०१६ मध्ये व्ही. दीपक, वरद गिरी, प्रवीण कारंथ आदी संशोधकांनी पंख्यासारखा रंगीत गळा फुलवणाऱ्या सरड्यांचं नवं कूळ मांडलं, त्याला जगभरासाठी नाव दिलं 'सरडा'. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर निळा-काळा-नारिंगी गळा उडवणारा त्यातलाच. मराठी शब्द शास्त्राच्या पोथीत कायमचा गेला. २००८ मध्ये सातारा जिल्ह्यातूनच पालीची एक नवी जात जगापुढे आली होती आणि तिच्याही नावात सातारा आहे.

विदेशी प्राणी पाळण्याबद्दल मी त्याला कायदाही सांगितला. २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात आंतरराष्ट्रीय करारातल्या प्राण्यांची यादी जोडली गेली. इग्वानासारखा प्राणी घरी असेल तर त्याची नोंद करावी लागते. आपले देशी तर पकडायचेच नाहीत. मांडुळाच्या दोन तोंडांच्या अफवेपायी आपल्याकडे किती मांडुळं पोत्यांत भरली गेली! त्याचं दुसरं तोंड म्हणजे नुसती बोथट शेपटी आहे. घोरपडीची गोष्ट त्याहून वाईट. 'हत्था जोडी' म्हणून पूजेसाठी विकली जाणारी मुळी ही मुळी नसून नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं, हे २०१७ मध्ये उघड झालं. ज्या प्राण्याच्या फुप्फुसात हवा, पक्ष्यांमध्ये वाहते तशी, बरीचशी एकाच दिशेने वाहते, त्याचं हे होतं, याने माझा जीव तुटतो. आणि इग्वाना? तो मोठा झाला की पाच-सहा फूट वाढतो, त्याला ठरावीक ऊब लागते, अतिनील किरणांचा दिवा लागतो. बंदिस्त पेटीत ते चुकलं तर हाडं ठिसूळ होऊन तो झिजत मरतो.

भाचा यावर काही बोलला नाही. पण त्या रात्री तो पुन्हा भिंग घेऊन काचेपाशी बसला आणि त्याने मला हाक मारली. त्याच पालीच्या पोटात, कातडीआडून, दोन पांढऱ्या गोल्या दिसत होत्या. अंडी. घरातल्या पाली एका वेळी बहुधा दोनच घालतात. काही दिवसांनी ती दोन्ही आम्हाला खिडकीवरच्या कॅलेंडरमागे सापडली, चुरमुऱ्याएवढी, कडक कवचाची. आम्ही कॅलेंडर हलवलं नाही. जुलै उलटला तरी आईने त्याचं पान फाडलं नाही.

ऑगस्टमध्ये भाचा आपल्या घरी होता. एका संध्याकाळी कॅलेंडरच्या कडेतून दोऱ्याएवढी शेपटी हलली. मी फोन लावला आणि कॅमेरा काचेकडे धरला. अर्ध्या बोटाएवढं पिल्लू, डोळेच मोठे, भिंतीवरून काचेवर आलं. थांबलं. मग बोटं टोकापासून उलटी वळवत, एकेक पाऊल सोलत, सरळ वर चढत गेलं.